मशीनवर शिवताना खाली दोऱ्याचा गुंता होतोय? आधी वरचा दोरा बघा

वरून शिलाई एकदम छान दिसते आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं नुसतं जाळं, असं झालं की बहुतेक जण लगेच बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्या डबीत बसते तिचा, तो बारीक स्क्रू पिळायला घेतात. प्लीज त्याला हात लावू नका. गुंता खाली दिसत असला तरी गडबड बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते, त्याला ताणच नसेल तर शटलने (बॉबिनभोवती फिरून टाका घालणाऱ्या भागाने) खाली ओढून नेलेला दोरा वर परत येत नाही आणि तिथेच साठत जातो.

खात्री करायची तर वर लाल दोरा लावा, बॉबिनमध्ये पांढरा, आणि सुती चिंधीवर वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल फासे लोंबत असतील तर वरचा दोरा सैल आहे. उलट पांढरा दोरा वर ओढून आलेला दिसला तर वरचा जास्त घट्ट किंवा बॉबिनचा सैल.

आता दुरुस्ती. मोटरची मशीन असेल तर प्लग काढा, मग फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला आणि दोरा पूर्ण काढून रिळापासून नव्याने ओवा. फूट वर असणं फार महत्त्वाचं, कारण तेव्हाच टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या मोकळ्या होतात, फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांमध्ये नीट बसत नाही आणि मग टेन्शनचा नट कितीही फिरवा, काही फरक पडत नाही. दोरा वर ओढून घेणाऱ्या, खालीवर होणाऱ्या दांडीच्या (टेक-अप लिव्हरच्या) भोकातून दोरा गेलाय ना तेही बघा, हे भोक बऱ्याचदा सुटतं. ओवून झालं की फूट खाली टाकून दोरा हाताने ओढा. आधीपेक्षा स्पष्ट घट्ट लागला पाहिजे, तसाच सुळकन आला तर परत ओवा.

तरीही गुंता होतोय तर सुई बदला. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा, म्हणून जुनी काढताना तिची चपटी बाजू कुठे होती ते बघून ठेवा. नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबर, जीन्सला १६ किंवा १८.

मग बॉबिन केस बाहेर काढा. तिच्या पट्टीखाली बऱ्याचदा दोऱ्याचा इवलासा तुकडा अडकलेला असतो, तो सुईच्या टोकाने काढा, आणि कापड सरकवणाऱ्या दातांखाली साचलेली कापसाची गादी ब्रशने साफ करा. तेल मशीनचंच घाला, खोबरेल नको, ते चिकट होऊन मशीन जड होते.

शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके धरून ठेवा, आणि पायाची मशीन असेल तर चाक उलटं फिरू देऊ नका, उलटं फिरलं की गुंता झालाच.

एवढं सगळं करूनही टाके सुटत असतील आणि त्याआधी सुई कशावर तरी जोरात आपटून मोडली असेल, तर शटलचं टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) हललेलं असू शकतं, ते मेकॅनिककडूनच करून घ्या.