जुनं आउटबोर्ड इंजिन हिवाळ्यासाठी बंद करताना

जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, तिथे हंगाम संपल्यावर बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन नुसतं ताडपत्रीखाली ढकलून चालत नाही. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. प्रॉपेलर फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीत, म्हणजे गिअरकेसमध्ये, झिरपलेलं पाणी तसंच राहिलं, तर तिचं ॲल्युमिनियमचं कवच तडकू शकतं. म्हणून हे काम थंडी पडायच्या आधी उरका. दोष आता सापडला, तर तो दुरुस्त करायला सगळा हिवाळा हाताशी असतो.

आधी टाकीत ताजं पेट्रोल आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घाला. मग पाण्याच्या पाइपला जोडायचे रबरी कप पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळ्यांवर बसवा, पाणी सोडा आणि त्यानंतरच इंजिन सुरू करा. पाण्याशिवाय काही सेकंदही चालवू नका, पंपातला पाणी ढकलणारा रबरी पात्यांचा इम्पेलर जळतो. इंजिन उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, कमी वेगात साधारण 10 मिनिटं चालू द्या. तेवढ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी सोडणारी झडप) उघडतो, आतलं मीठ-गाळ धुतलं जातं आणि स्टॅबिलायझर हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतो.

या वेळी मागच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे लक्ष ठेवा. धार बारीक असेल तर इंजिन बंद करून छिद्रात पातळ तार फिरवा, बऱ्याचदा तिथेच कचरा अडकलेला असतो. तरीही सुधारणा नसेल तर संशय इम्पेलरवर. दोन-तीन वर्षं झाली असतील तर तो तसाही बदलाच.

जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम असतानाच, फॉगिंग ऑइल (गंज लागू नये म्हणून आत फवारायचं तेल) मारण्याआधी तपासा, कारण तेलामुळे आकडा फसवा वाढतो. ठिणगी पडणार नाही अशी तजवीज करा, सगळे स्पार्क प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या छिद्रात दाबमापक लावून इंजिन फिरवा. सिलिंडरांच्या आकड्यांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पिस्टनच्या रिंगची किंवा सिलिंडरच्या झाकणाखालच्या हेड गॅस्केटची तपासणी हवी. प्लगही बरंच सांगतात. एकच प्लग काळा आणि ओला असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी कमजोर आहे, किंवा तिथे पेट्रोल जास्त येतंय. बाकीचे तपकिरी असताना एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तिथे पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी.

प्लग परत लावून इंजिन पुन्हा पाण्यावर सुरू करा. पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन बंद पडेपर्यंत कार्ब्युरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइल फवारा. दाट पांढरा धूर येईल, तो यायलाच हवा. नंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं फवारून फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) हाताने दोन-तीन वेळा फिरवा, पण इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर इम्पेलरची पाती मुडपतात. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. तिथे उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर होतो आणि बारीक छिद्रांचे जेट बुजतात.

आता गिअर ऑइल. खाली भांडं ठेवून आधी गिअरकेसचा खालचा स्क्रू काढा, मग वरचा. पहिले थेंब नीट बघा, कारण पाणी जड असल्याने तेच आधी बाहेर येतं. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलंय, म्हणजे शाफ्टभोवतीचं सील गळतंय. चुंबकी स्क्रूवर बारीक राखाडी चुरा दिसणं नेहमीचं आहे. नखाला टोचणारे तुकडे मात्र गिअर झिजल्याची खूण. सील गळत असेल तर प्रॉपेलर काढून शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळली गेली आहे का ते बघा. ती सील कापते, आणि बाहेरून दिसत नाही. नवं तेल खालच्या छिद्रातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत पंपाने भरा. वरून ओतलं तर हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर घाला. सील गळत असलं तरी हिवाळ्यापुरतं ताजं तेल भरून ठेवा, पाणी आत राहता कामा नये.

शाफ्टला ग्रीस लावून प्रॉपेलर बसवा. अर्ध्याहून जास्त झिजलेले ॲनोड (स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवणारे तुकडे) बदला. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा, 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि महिन्याला एकदा तपासा.

इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं उरलेलं पाणी आपोआप निथळतं. आडवं किंवा तिरकं ठेवलं तर ते प्रॉपेलरच्या हबमध्ये साचून तिथेच गोठतं.