दाढीनंतर मान लाल होते? ब्लेड बदलण्याआधी या चुका टाळा

ब्रश, साबण आणि दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडच्या रेझरने दाढी करायची हौस आपल्याकडच्या तरुणांत पुन्हा दिसायला लागली आहे. कुणी आज्जाच्या पेटीतला जुना रेझर घासूनपुसून वापरात आणतो, कुणी नवा मागवतो. पहिल्या आठवड्यात मान लाल होते, हनुवटीखाली रक्त येतं, आणि ब्लेडच वाईट म्हणून दुसऱ्या कंपनीचं पाकीट घरात येतं. त्यानेही तीच गत होते. शेवटी रेझर कपाटात जातो, आणि एका चांगल्या सवयीला माणूस मुकतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण बहुतेक वेळा दोष ब्लेडचा नसतोच. आधी पाणी बघा, मग फेस, मग हात. ब्लेडचा नंबर सगळ्यात शेवटी.

बोअरच्या पाण्यात फेस करणे

बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. पण अनेक गल्ल्यांत नळ रोज येत नाही, आणि मधल्या दिवसांत टाकीत बोअरचं पाणी चढतं. अथणी, रायबागकडे तर कितीतरी घरांचा सगळा कारभार बोअरवरच. बोअरच्या पाण्यात सहसा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, म्हणजे ते पाणी जड असतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट थर तो हाच. फेसासाठी घेतलेल्या साबणाचा मोठा वाटा असा चोथ्यात जातो, फेस उभा राहत नाही, आणि राहिला तरी गालावर मिनिटभरात बसतो. मग कोरड्या कातडीवरून ब्लेड फिरतं आणि शिव्या ब्लेडला बसतात.

तुमचं पाणी कसं आहे हे घरीच कळतं. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं, दोन्ही अर्ध्यापर्यंत. दाढीच्या साबणाचा नखाएवढा तुकडा दोन्हींत टाकून जोरात हलवा. आरओच्या किंवा पावसाच्या बाटलीत फेस वरपर्यंत चढून टिकला आणि बोअरच्या बाटलीत पाणी दुधट होऊन वर साय धरली, तर उत्तर मिळालं.

त्यावर उपायाला खर्च नाही. दाढीला लागणारं चांगलं पाणी म्हणजे जेमतेम एक पेला. तोंड धुवा, रेझर खळबळा, सगळं बोअरच्याच पाण्याने करा. फक्त ब्रश भिजवायला आणि फेस करायला तो एक पेला बाजूला ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पागोळ्यांचं पाणी फुकट मिळतं आणि फेसाला त्याच्यासारखं पाणी नाही. पहिल्या सरीनंतर कौलं धुतली गेली की भरून ठेवायचं. तेही नसेल तर बोअरचं पाणी उकळून, निवू देऊन वरचं घ्या. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो. सगळा मात्र जात नाही. शिवाय ज्या क्रीमच्या किंवा साबणाच्या वेष्टनावर घटकांत ईडीटीए लिहिलेलं असतं, ते जड पाण्यात बरं चालतं, कारण ते क्षारांना धरून ठेवतं.

भिजवायला वेळ न देणे

कोरडा केस कापायला जोर लागतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ होतो आणि खूपच कमी जोरात कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं तरी हवीत. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी, किंवा कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरावा. डिसेंबरच्या थंडीत बंबातलं कढत पाणी थेट तोंडावर मारायचा मोह होतो, तो आवरा. कढत पाणी कातडीवरचं तेल काढून टाकतं आणि जळजळ वाढवतं. तसल्या पाण्यात ब्रश बुडवला तर केसांची जुडी धरून ठेवणारा डिंक हळूहळू सुटतो आणि केस गळायला लागतात.

श्रावण पाळणाऱ्यांना एक वेगळी सूचना. महिनाभर वाढलेल्या दाढीला सरळ रेझर लावू नका. लांब केस रेझरच्या फटीत अडकतात आणि उपटले जातात. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा, एक रात्र जाऊ द्या, मग सकाळी दाढी करा.

बुडबुड्यांना फेस समजणे

ब्रश पाण्यात बुडवून, तसाच निथळता साबणावर चार वेळा फिरवून तोंडाला लावला की मोठमोठे बुडबुडे येतात. दिसायला भरपूर, पण त्यात साबण नसतो, हवा असते. अंगाच्या साबणाचंही तेच. तो सोड्यापासून केलेला. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा भाग असतो आणि स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, म्हणून त्याचा फेस दाट येतो आणि टिकतो. अंगाच्या साबणावर भागवणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा दाढीचा गोल साबण आणून बघावा. तो फार महाग नसतो आणि महिनोन्महिने पुरतो.

ब्रश भिजवा आणि झटका, म्हणजे ओलसर राहील, टपकणार नाही. साबणावर अर्धा मिनिट गोल गोल फिरवा. सुरुवातीला बुडबुडे येतील, मग केसांच्या टोकांवर चिकट लेप जमेल. आता वाटीत किंवा सरळ गालावर फिरवत राहा आणि बोटाने दोन-दोन थेंब पाणी घालत चला. इथे घाई करायची नाही. लेप हळूहळू फुलतो, बुडबुडे दिसेनासे होतात आणि घुसळलेल्या सायीच्या दह्यासारखी चकाकी येते. फेस झाला का हे डोळ्यांनी ठरवू नका. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीत घेऊन बोटं दाबून घासा. बोटं सरसर सरकली तर झाला. चिकटली तर पाणी कमी आहे. पाणी होऊन ओघळला तर साबण कमी आहे, पुन्हा साबणाकडे जा.

ब्रश कुठला, यावर हौशी लोक तासन्‌तास बोलतात. मला विचाराल तर पावसाच्या या पट्ट्यात कृत्रिम केसांचाच घ्या. तो भिजत ठेवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण वापरण्याआधी काही मिनिटं भिजवावा लागतो आणि नवा असताना टोचतो. केसांची टोकं फुटत गेली की मऊ होतो. बिज्जूच्या केसांचा महाग. कुठलाही घेतला तरी दाढी झाल्यावर स्वच्छ धुवा, झटका, टॉवेलवर दोन हात फिरवा आणि वारं लागेल अशा जागी उघड्यावर ठेवा. जांबोटी, कणकुंबीकडे जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे बंद डब्यात ठेवलेल्या ब्रशचं काय होणार? बुडाशी बुरशी धरते. कुबट वास यायला लागला तर शांपूने दोनदा धुऊन उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवा. बुडाशी काळं दिसलं तर ब्रश टाकून द्या.

जोर देणे

तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजची सवय असलेला हात दाबतो. कार्ट्रिजचं डोकं वळतं, त्यामुळे ते चालून जातं. या रेझरचं डोकं घट्ट असतं आणि अंगचं वजन पुरेसं असतं. दांडा अगदी खालच्या टोकाला, दोन-तीन बोटांत धरा, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी जमणार नाही.

कोन सापडायला सोपी रीत आहे. रेझरचं वरचं झाकण गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात. आता दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागलं की खरखर ऐकू येते. तिथे थांबा, तोच कोन, साधारण तीस अंश. आवाजावर लक्ष ठेवलं तर चेहऱ्याच्या प्रत्येक वळणावर कोन आपोआप सांभाळला जातो, म्हणून दाढीपुरता नळ आणि मोबाइल बंद ठेवा.

दुसरा हात काय करतो, हेही महत्त्वाचं. शहापुरात, खडेबाजारात जुन्या सलूनमध्ये बसाल तेव्हा आरशात मालकाचा डावा हात बघा. वस्तरा टेकायच्या आधी अंगठ्याने कातडी ताणलेली असते; जबड्याच्या कडेला वर, ओठाच्या कोपऱ्यात बाहेर, कंठावर बाजूला. एक पट्टा झाला की तो हात पुढे सरकतो, मग वस्तरा. सैल कातडी ब्लेडपुढे लाटेसारखी उठते आणि कापली जाते.

पहिल्याच हाताला उलटी दाढी

गालावरचे केस सहसा खाली वाढतात, मानेवरचे मात्र कुणाचे वर, कुणाचे आडवे, कुणाला भोवरा. दोन दिवसांच्या खुंटांवर बोट फिरवा. बोट गुळगुळीत जाईल ती सुलटी दिशा, अडेल ती उलटी. पहिला हात सुलटा. मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात फक्त कातडी मागत असेल तर, आणि सुरुवातीचा महिनाभर नाहीच. फेस पुसला गेलेल्या जागेवर पुन्हा ब्लेड फिरवणं हे मान लाल होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात, त्यांनी उलटी दाढी कायमची सोडावी. घोटून काढलेला केस कातडीच्या आत राहतो आणि तिथेच वळतो. पू होत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि मग ब्लेड

अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. ब्लेडच्या मधल्या खाचेचा आकार पुढे ठरून गेला, म्हणून आज्जाच्या रेझरलाही किराणा दुकानातलं टोपाझ किंवा 7 ओ'क्लॉक सहसा बसतं. बसवताना दांडा पिळण्याआधी ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर आलंय का बघा. एका बाजूने जास्त आलं तर तीच बाजू कापणार. ब्लेड रुमालाने पुसू नका, धार आणि तिच्यावरचा लेप दोन्ही जातात. नळाखाली धरून झटकलं की पुरे. चार-पाच दाढ्यांनंतर किंवा केस ओढल्यासारखे वाटले की लगेच बदला.

जुना रेझर साफ करायला साबण, कोमट पाणी आणि टूथब्रश पुरतो. लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवाल तर निकेलचा मुलामा जाईल. दुसऱ्याचं ब्लेड कधीच वापरू नका, घरातल्याचंही नाही. रक्तातून पसरणारी कावीळ अशीही लागते.

दाढीनंतर गार पाणी, मग ओली तुरटी, मिनिटभराने धुऊन टाका. तुरटी जिथे झोंबते तिथे तुम्ही जास्त घासलंय, पुढच्या वेळी तिथे हात हलका ठेवा.

वस्तऱ्याकडे वळलेल्यांसाठी दोनच गोष्टी. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठीच्या दिशेने ओढा. धारेच्या दिशेने नेला तर पट्टा कापतो आणि धार जाते. पट्टा अथणीच्या चप्पल कारागिरांकडून करून घ्यायचा असेल तर सगळीकडे एकाच जाडीचं, गुळगुळीत चामडं मागा. आणि पावसाळ्यात पोलादी पात्याला शिवणयंत्राचं तेल लावा. खोबरेल कालांतराने चिकट होतं.

वापरलेली ब्लेडं ओल्या कचऱ्यात टाकू नका. पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, तो कचरा हाताने वेगळा करतात. दूध पावडरच्या पत्र्याच्या डब्याला बारीक चीर पाडा, त्यात टाकत राहा. भरला की झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा, आत ब्लेड असल्याचं मराठी आणि कन्नड दोन्हींत ठळक लिहा, आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून वेगळा द्या.