कांद्याच्या मुळातली सोळा गुणसूत्रं कशी पाहावीत?

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही पेशीविभाजनाच्या टप्प्यांची नावं बहुतेकांना तोंडपाठ असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मात्र त्यातली एकही ओळखू येत नाही. माझंही असंच झालं होतं. पहिल्या प्रात्यक्षिकात तासभर नुसत्या लांबट, रिकाम्या चौकटी दिसत राहिल्या आणि शेवटी मी पुस्तकातली आकृती वहीत उतरवून दिली. सूक्ष्मदर्शक चांगला होता. मीच मुळाचा भलता तुकडा चेपला होता. हा प्रयोग साधतो किंवा फसतो तो सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण कांदा, आम्ल आणि अंगठा यांच्याबद्दल आहे.

कांदाच का, तर त्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १६ असतात आणि ती चांगली ठसठशीत असतात. माणसाची ४६, आणि आकारानं बरीच लहान. शिवाय मुळाच्या टोकाशी विभाजन सतत चालू असतं. कांदा नसेल तर लसूणही चालतो, त्याचीही गुणसूत्रं १६च.

मुळं आणणं

बाजारातून मध्यम आकाराचे चार-पाच कांदे आणा. एकच आणू नका, एखादा हटकून रुसतो. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं यायला वेळ लागतो. कांदाचाळीत काही महिने राहिलेला रब्बीचा कांदा बरा. बुडाशी वाळलेल्या मुळांचा झुपका असतो, तो ब्लेडनं खरवडून टाका, पण खालची कठीण चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच येतात. काचेच्या ग्लासात काठापर्यंत पाणी भरून कांदा असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला, नाहीतर बूड कुजतं आणि वासानं घरातले लोक प्रयोग बंद पाडतात. दोन ते चार दिवसांत मुळं एक-दोन सेंटीमीटर होतात. तेवढीच हवीत.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान मुळांची टोकं सेंटीमीटरभर कापून घ्या आणि लगेच स्थिरीकरणाच्या द्रावणात टाका: एक भाग शुद्ध ॲसेटिक आम्ल, तीन भाग इथेनॉल. हे द्रावण पेशींना आहे त्या स्थितीत थांबवतं. २४ तासांनी टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवली की फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकतात. स्थिरीकरणापासून पुढचं सगळं काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षक हजर असताना, हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. शुद्ध ॲसेटिक आम्ल म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर नव्हे, कातडी भाजते. अल्कोहोलची बाटली स्पिरिटच्या दिव्यापासून लांब ठेवा.

आम्ल

मुळातल्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट बसते, तेच हे पेक्टिन. ते सैल केल्याशिवाय मूळ चेपलं तर पेशी एकीवर एक साचतात आणि काहीच दिसत नाही. म्हणून टोकं पाण्यात धुऊन १ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटं ठेवायची. आम्ल पातळ करताना नेहमी आम्ल पाण्यात घालावं, पाणी आम्लात ओतू नये. वेळ घड्याळ लावून मोजा. कमी ठेवलं तर मूळ चामट राहतं, जास्त ठेवलं तर चिमट्यातच लगदा होतो. नंतर पुन्हा पाण्यात नीट धुवा. आम्ल उरलं तर रंग धरत नाही.

रंग

ॲसिटोकार्माइन हा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून मिळणाऱ्या कार्माइनचा, ४५ टक्के ॲसेटिक आम्लात केलेला. काचपट्टीवर त्याचे दोन थेंब घ्या, त्यात मूळ ठेवा आणि पट्टी दिव्याच्या ज्योतीवरून दोन-चारदा फिरवा. उकळी येता कामा नये. पट्टीची खालची बाजू हाताच्या पाठीला लावून पाहा, सोसेल इतकीच गरम हवी. जुने प्रयोगशाळा साहाय्यक रंगाच्या थेंबात लोखंडी सुई फिरवतात. त्यात अंधश्रद्धा नाही: लोहाच्या अंशानं कार्माइन गडद बसतो.

गुणसूत्रासाठीचा ‘क्रोमोसोम’ हा शब्द जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांनी १८८८मध्ये दिला, त्याचा अर्थच ‘रंगीत काया’. गुजरातीत आजही ‘रंगसूत्र’ म्हणतात. आपला ‘गुणसूत्र’ शब्द काम सांगतो, त्यांचा शब्द प्रात्यक्षिक सांगतो.

आता माझी चूक झाली होती ती जागा. रंगवल्यावर मुळाचं एक टोक गडद दिसेल. गडद टोकाकडे पेशी लहान आणि ठासून भरलेल्या असतात आणि विभाजन तिथेच चालतं. ते दोन मिलिमीटर ठेवा, उरलेलं ब्लेडनं कापून फेकून द्या. हळहळू नका. वरच्या भागातल्या पेशी विभाजन संपवून नुसत्या लांब होत असतात. मला दिसलेल्या रिकाम्या चौकटी त्याच.

अंगठा

ताज्या रंगाचा एक थेंब टाकून कव्हरस्लिप (झाकणाची पातळ काच) ठेवा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं वरून हलकेच टकटक करा, तुकडा ढगासारखा पसरत जातो. मग घडी घातलेला टिपकागद वर ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप तसूभरही बाजूला सरकली तर पेशी वळकट्यांसारख्या गुंडाळल्या जातात. दाब किती, हे लिहून सांगता येत नाही. दोन-तीन कव्हरस्लिपा फुटल्या की कळतं.

पाहणं आणि ओळखणं

आधी १०० पटीवर पट्टी फिरवून चौकोनी पेशींचा, मोठ्या केंद्रकांचा घोळका शोधा. प्रकाश थोडा कमी करा, मग ४०० पटीवर जा. बहुतेक पेशींमध्ये गोल, एकसारखं केंद्रक दिसेल. त्या विभाजनाच्या मधल्या काळात आहेत, पण रिकाम्या बसलेल्या नाहीत: डीएनए दुप्पट होतो तो याच काळात.

लोकरीचा गुंता दिसला तर पूर्वावस्था. पेशीच्या मधोमध आडवी पट्टी दिसली तर मध्यावस्था. तीच मध्यावस्था टोकाकडून दिसली तर गुणसूत्रं फुलासारखी पसरलेली असतात, आणि १६ मोजायची असतील तर अशाच पेशीत. पश्चावस्था चुकणं कठीण: दोन गट विरुद्ध दिशांना निघालेले, प्रत्येक गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू (जिथे तंतू जोडलेले असतात ती जागा) पुढे, हात मागे लोंबणारे, इंग्रजी ‘व्ही’सारखे. अंत्यावस्थेत दोन गोळे आणि त्यांच्यामध्ये उभी राहणारी पेशीपट्टी, म्हणजे नव्या पेशीभित्तीची सुरुवात.

आकड्यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. मध्यावस्थेत गुणसूत्रं १६च, पण प्रत्येकाची दोन अर्धं असल्यानं अर्धगुणसूत्रं ३२. पश्चावस्थेत ती सुटी होतात आणि दोन्हीकडे १६-१६ जातात. आणखी एक: कांद्याच्या आकृतीत ताराकेंद्र काढू नका. ते प्राणिपेशीतलं, पुस्तकातल्या आकृतीवरून वहीत घुसतं आणि तोंडी परीक्षेत पकडलं जातं. कांद्याच्या पेशीत तुर्कतंतू (गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे) असतात, ताराकेंद्र नसतं.

मग मोजा. समजा ४०० पेशी पाहिल्या आणि ३६ विभाजनात सापडल्या, तर विभाजन निर्देशांक ९ टक्के. याच मोजणीत वेळही दडलेला असतो. एसटी स्थानकाचा एक फोटो काढला तर जी गाडी जास्त वेळ थांबते तीच त्यात सापडण्याची शक्यता जास्त. तसंच, पूर्वावस्थेतल्या पेशी पश्चावस्थेपेक्षा पुष्कळ जास्त भरतात, कारण पूर्वावस्था रेंगाळते आणि पश्चावस्था झटपट उरकते. पश्चावस्था सापडली की लगेच शेजाऱ्याला दाखवून ठेवा, नंतर ती पेशी पुन्हा हाती लागत नाही.

मध्यावस्था फार कमी मिळत असतील तर संशोधक कोल्चिसिन नावाचं रसायन वापरतात. त्यानं तुर्कतंतू बनत नाहीत आणि पेशी तिथेच अडकतात. ते विषारी आहे, शाळकरी प्रयोगात नको. पण स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८मध्ये ते वापरून पाहिलं ते कांद्याच्याच मुळांवर. पुढे १९५५च्या अखेरीस स्वीडनमधल्या लुंड इथे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जो हिन चियो यांना माणसाच्या पेशीत ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रं दिसली. तोवर जग ४८ धरून चाललं होतं. त्यांनीही कोल्चिसिन दिलं होतं आणि पेशी काचेखाली अशाच चेपल्या होत्या.

हे साधलं की कांद्याच्या डेंगळ्याकडे, म्हणजे फुलाच्या दांड्याकडे वळा. न उमललेल्या अगदी लहान कळीतला परागकोश याच रंगात चेपला तर अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन दिसतं. तिथे १६ सुटी गुणसूत्रं शोधू नका, ८ जोड्या शोधा. कळी जरा मोठी निघाली तर आत तयार परागकण दिसतील. मग त्याच डेंगळ्यावरची आणखी लहान कळी घ्या.