नळीच्या आरशात वर्तुळाचं अंडं का होत होतं

टॅबलेटच्या पडद्यावर विस्कटलेलं चित्र आणि मधोमध उभ्या केलेल्या आरशाच्या नळीत मात्र तेच सरळ, असं ॲनिमेशन पीफाइव्ह जेएसमध्ये (कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) करायचं होतं. टॅबलेट आडवा ठेवला, 6 सेंमी व्यासाच्या नळीला चकचकीत फिल्म गुंडाळली. आधी सोपा मार्ग धरला: चित्रातला आडवा अंक क्ष म्हणजे नळीभोवतीचा कोन, उभा अंक य म्हणजे नळीच्या मध्यापासूनचं अंतर, त्रिज्या. आरशात वर्तुळ अंड्यासारखं दिसलं, खालून चपटं, वरून ताणलेलं. अक्षरं तर उलटीच! दोन संध्याकाळी मी नुसते आकडे खालीवर करत बसलो, आणि ते वायाच गेलं.

चूक अशी की त्या सूत्रात बघणारा डोळाच नव्हता. मग डोळा 40 सेंमी लांब, 35 सेंमी उंच धरला. नळीच्या आत एक काल्पनिक चित्र उभं केलं. त्यातल्या प्रत्येक बिंदूकडे डोळ्यातून किरण सोडायचा, तो नळीला जिथे लागेल तिथला लंब (पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा, म्हणजे एक सदिश) काढायचा, किरण परावर्तित करायचा आणि तो पडद्यावर कुठे पडतो ते बघायचं. लंबाची लांबी 1 करायला विसरलो तेव्हा चित्र पार उधळलं होतं.

एकेक पिक्सेल असा हलवला तर बाहेरच्या कडेला भोकं पडतात, कारण तिथे बिंदू विरळ होतात. म्हणून 40 बाय 40 ची जाळी एकदाच मोजली आणि दर फ्रेमला तिच्यावर ॲनिमेशन टेक्स्चर म्हणून, म्हणजे जाळीवर ताणून बसवलेल्या चित्रासारखं, चढवलं. वर्तुळ गोल झालं, अक्षरं सुलटली. फक्त डोकं जरा हललं की पुन्हा अंडं.