कोरल वेडंवाकडं कापलेलं मिळालं तर

मालवणच्या बाजारात आई सुरमई घेताना तिच्या चकाकण्याकडे बघायची नाही. सरळ कल्ला उचलून आत डोकवायची. घरच्या टँकसाठी फ्रॅग, म्हणजे मोठ्या कोरलचा (प्रवाळाचा) कापलेला जिवंत तुकडा, घेताना मला नेमकं हेच सुचत नव्हतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी फक्त रंगांवर पैसे उधळले. आता पिशवी उजेडाला धरली की आधी कापलेली कड बघते.

आमचा खाऱ्या पाण्याचा टँक ४० गॅलनचा, न्यू जर्सीत एडिसनला घराच्या बेसमेंटमध्ये. इथे हिवाळ्यात शाळांच्या नाहीतर हॉटेलांच्या हॉलमध्ये फ्रॅग स्वॅप नावाचे बाजार भरतात. लोक मोठ्या कोरलचे तुकडे करून, छोट्या सिरॅमिक प्लगवर चिकटवून विकतात. गंमत अशी की बरेच तुकडे त्याच आठवड्यात, कधी तर आदल्या रात्री कापलेले असतात. त्यात घाईघाईने बोन कटर (हाडं कापायची पक्कड) दाबला की सांगाडा तडकतो आणि मांस फाटतं, आणि ते निस्तरायचं काम आपल्या गळ्यात येतं.

(भारतातल्या वाचकांसाठी: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी कोरल आणि समुद्रपंखे आहेत. ते समुद्रातून काढणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची आमची प्रवाळं पाण्याखाली जाऊन बघायची, घरी आणायची नाहीत.)

पिशवी घरी आली की आधी वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. तेवढ्यात श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घ्या. एकात डिप, म्हणजे कोरल बुडवून जंतू आणि कीड काढायचं औषधी पाणी, एकात टँकचंच साधं पाणी. डिप मी आयोडीनचं वापरते, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं तेवढंच. हे डबे परत स्वयंपाकघरात जात नाहीत, त्यांच्यावर मार्करने फुली मारलेली आहे.

आता भिंग घेऊन कड बघा. दगडी कोरल म्हणजे चुनखडीच्या सांगाड्यावर ओढलेली मांसाची पातळ साल. कापलं की दोन गोष्टी होतात. सालीचे लोंबते धागे सडायला लागतात, आणि उघडा पडलेला पांढरा सांगाडा शेवाळाला फुकटची जागा देतो. एकदा तिथे हिरवे केस उगवले की मांसाला वर सरकणं फार जड जातं. म्हणून ‘नुकतंच आणलंय, आता हात नको लावूया’ ही दया बहुतेक वेळा अंगाशी येते. कड खराब असेल तर त्याच दिवशी पुन्हा कापा.

अपवाद एकच, पण महागडा. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही देठावर फुलणारी कोरल. यांचं मांस तोंडापाशी संपत नाही, देठावरून बाहेरच्या बाजूने खाली उतरलेलं असतं, आणि कोरल फुललेलं असताना ते कुठे संपतं हे दिसत नाही. काप त्याच्याही खाली निदान दोन सेंटिमीटरवर हवा. मागच्या वर्षी मी साठ डॉलरला दोन तोंडांचा सोनेरी टॉर्च घेतला. घरी येऊन उपडा केला तर काप मांसाच्या जेमतेम तीन मिलिमीटर खाली, आणि तिथून एक उभी चीर थेट एका तोंडाखाली गेलेली. बोन कटरने पोकळ देठ दाबला की तो असा लांबीत फुटतो. ओल्या डायमंड करवतीने कापला असता तर फुटला नसता.

अशा देठाला पुन्हा कापायला जागाच नसते. मी चीर पेपर टॉवेलने टिपून कोरडी केली, बाहेरून सुपरग्लूची जेल भरली (नुसतं सायनोअ‍ॅक्रिलेट असलेली, पातळ गोंद नको), मांसाला नळीचं टोक लागू दिलं नाही, आणि खालचा भाग इपॉक्सीत बसवला. तरी तिसऱ्या दिवशी चिरेच्या बाजूच्या तोंडावर तपकिरी, जेलीसारखा थर आला. वास कुजलेल्या कोळंबीचा. हा रोग शेजारच्या कोरलवर उडतो, म्हणून सगळ्यात आधी पंप बंद. मग मोठ्या ड्रॉपरने जेली ओढून बाहेर फेकायची, टँकमध्ये हलवत बसायचं नाही. कोरल बादलीत काढलं, गॉगल लावला आणि दोन तोंडांमधली फांदी डायमंड चकतीने कापली. आजारी तोंड गेलं. दुसरं पाच मिनिटं आयोडीनमध्ये ठेवून वेगळ्या कोपऱ्यात लावलं.

अकान, फेव्हिया, चॅलिस या देठ नसलेल्या, पसरट कोरलमध्ये चूक वेगळी असते: करवत नेमकी तोंडातून गेलेली. अर्धं तोंड राहिलं तरी ते पुष्कळदा सावरतं, पण एकही तोंड नसलेला तुकडा बहुतेक सुकतच जातो, तो स्वस्तातही घेऊ नका. इथे काम सोपं आहे. लोंबते धागे धारदार ब्लेडने काढा. मांसाच्या बाहेर आलेला पांढरा सांगाडा निपरने तोडत तोडत मांसापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा. उरलेल्या पांढऱ्या पट्टीवर जेलची बारीक रेघ ओढा, म्हणजे शेवाळाला बसायला जागाच राहत नाही. करवतीचा चिखल मांसात अडकलेला असेल तर ड्रॉपरने पाणी मारून धुवा.

अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोराच्या काडीत बुडखा पांढरा पडलेला दिसला तर विचार करत बसू नका. जिवंत मांसात साधारण एक सेंटिमीटर वर जाऊन तोडा, बुडखा फेकून द्या आणि नव्या प्लगवर लावा. प्लगवर जेलचा वाटाण्याएवढा गोळा घ्यायचा, काडीचं बूड टिपून त्यात रोवायचं, दहा सेकंद धरायचं, मग पाण्यात. वरून पांढरी साय धरते, घाबरू नका.

प्लग मात्र कोणत्याही कोरलचा बदलाच. चपटे कृमी आणि न्यूडिब्रँक (कोरल खाणाऱ्या समुद्री गोगलगाई) यांची अंडी डिपने मरत नाहीत. अंडी असतात प्लगच्या खालच्या बाजूला आणि मेलेल्या बुडख्यावर. एप्टेशिया (टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) आणि बुडबुड्यासारखं शेवाळही तिथूनच घरात शिरतं. आठवड्याने पुन्हा एकदा डिप करा.

झोअँथिड, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली बटणांसारखी कोरल, येतात चटईसारखे. चटई कापताना पॉलिप (त्यातलं एकेक बटण) मधून कापला गेला तर तो बंद होऊन भरून येतो, वितळायला लागलेला तेवढा काढायचा. पण हातमोजे आणि गॉगल न घालता यांना हात लावू नका, आणि हे मी मस्करीत लिहीत नाही. यांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच जातीतून ते वेगळं केलं गेलं आणि ते अतिशय जहाल विषांपैकी आहे. कापताना चिळकांडी डोळ्यात उडू शकते. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली घासू नका, वाफेतूनही बाधतं. मुलांना बेसमेंटमधून वर पाठवा.

मश्रूम कोरलला गोंद धरतच नाही, बुळबुळीत. छोट्या वाटीत दगडाचे खडे घालून वर बसवा, वरून जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा. आठवड्याभरात ते स्वतःच खड्याला चिकटतं.

यानंतरचं काम म्हणजे काही न करणं. टँकच्या तळाशी, मंद उजेडात, प्रवाह अंगावर थेट येणार नाही अशा जागी ठेवा आणि पहिले काही दिवस खायला घालू नका. क्षारता मी आठ ते नऊ डीकेएचमध्ये (क्षारता मोजायचं एकक) ठेवते, खारटपणा १.०२५ विशिष्ट गुरुत्वावर. आकड्यापेक्षा तो रोज तोच राहणं महत्त्वाचं. दहा-पंधरा दिवसांनी भिंगातून कड गोल, वळलेली आणि रंगीत दिसली तर जखम भरली. पांढरी रेघ रोज रुंदावत असेल तर पुन्हा कापायची वेळ आली.

विकणाऱ्याला फोटो पाठवायचा तो पिशवी उघडल्याच्या तासाभरात, पिशवीसकट. माझ्या टॉर्चवाल्याने ‘विकताना जिवंत होतं’ एवढंच उत्तर दिलं. आता मी आधीच विचारते, कधी कापलं? दोन आठवड्यांच्या आतलं असेल तर मी पुढच्या टेबलाकडे जाते. प्लगच्या काठावर मांस पसरलेलं असेल तर विचारायचीही गरज नसते.

तो उरलेला टॉर्च फेब्रुवारीत फुगला, मग त्याच्यात दुसरं तोंड दिसायला लागलं. एक ओळखीचे काका तुकडा मागतायत. मी त्यांना सांगितलंय, फांदी पुरती फुटू दे आणि मांसाच्या खाली दोन बोटं देठ वाढू दे, मग बघू.