भेटीसाठी फुलीच्या टाक्यातला पैठणीचा मोर

वास्तुशांतीला किंवा बारशाला हाताने केलेली भेट द्यायची असल्यास पैठणीच्या पदरावरील मोर क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्यात, भरावा. नक्षी आलेखकागदावर उतरवताना एक चौकोन म्हणजे एक टाका धरावा. १४ काउंटच्या आयडा कापडावर (चौकोनी विणीचे भरतकामाचे कापड) इंचाला १४ टाके बसत असल्याने ७० टाक्यांचा मोर ५ इंच रुंद होतो. फ्रेमसाठी चारही बाजूंना ३ इंच कापड जास्त सोडावे.

सहापदरी दोऱ्यातील दोन पदर एकेक करून ओढून काढावेत, बोथट टोकाच्या सुईत ओवावेत आणि कापडाच्या मध्यापासून सुरुवात करावी. गाठ मारू नये, कारण काचेखाली तिचा उंचवटा दिसतो. त्याऐवजी दोऱ्याचे टोक मागच्या बाजूस धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबावे. ओळीतील सर्व अर्धे टाके आधी एका तिरक्या दिशेने घालून परतताना फुल्या पूर्ण कराव्यात, म्हणजे प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने राहतो. माझ्या मते सारी सफाई इथेच आहे, कारण उलटी पडलेली एकच फुली मोराच्या गळ्यावरील सलग निळ्या रंगात लगेच खुपते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तळहातांना घाम सुटतो, तेव्हा हात वरचेवर धुवावेत. पूर्ण झालेले काम गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, टॉवेलवर पालथे ठेवून इस्त्री करावी आणि पूर्ण वाळल्यावरच फ्रेमला द्यावे.