पिकलिंग टाक्यांच्या धूर-ओढणीत ब्लोअरची हवा कशी जुळवायची

पिकलिंगच्या, म्हणजे धातूवरचा गंज आम्लाने काढण्याच्या, चार-पाच टाक्या, प्रत्येकीला धूर ओढणारा बाजूचा हूड, पुढे धूर धुणारा स्क्रबर आणि शेवटी हवा ओढणारा पंखा म्हणजे ब्लोअर, अशी लाइन असेल तर काम पॅनेलपासून नव्हे, सर्वांत लांबच्या हूडपासून सुरू करा. ब्लोअर जवळच्या हूडमधून हवा आधी ओढतो आणि टोकाची टाकी धुमसत राहते. मग कुणीतरी ब्लोअरचा वेग वाढवतं. वेग १० टक्के वाढला की हवाही १० टक्केच वाढते, वीज मात्र ३३ टक्के जास्त जाते.

आधी ब्लोअरची फिरण्याची दिशा त्याच्यावरच्या बाणाशी ताडून पाहा. दोन फेज उलटे जोडले गेले तरी सेंट्रिफ्युगल ब्लोअर हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त बरीच कमी. मोटर काढून बसवल्यावर हा घोळ हमखास होतो आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मोजमाप. बेंडपासून डक्टच्या व्यासाच्या सात-आठ पट लांब, सरळ भागात पिटो ट्यूब (वाहत्या हवेचा दाब मोजणारी नळी) घाला. हवेचा वेग मीटर प्रति सेकंदात हवा असेल तर वेगदाबाच्या (हवेच्या वेगामुळे येणारा दाब, मिलिमीटर पाण्यात) वर्गमुळाला ४.०४ ने गुणा. १० मिलिमीटर दाबाला सुमारे १२.८ येतो, ३०० मिलिमीटर व्यासाच्या डक्टमध्ये म्हणजे ताशी साधारण ३,२५० घनमीटर. मध्यावर वेग जास्त असतो, म्हणून आडव्या-उभ्या दोन्ही व्यासांवर अनेक बिंदू घ्या. दाबांची सरासरी काढू नका. आधी प्रत्येकाचा वेग काढा, मग सरासरी.

सगळे डॅम्पर (डक्टमधल्या हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) पूर्ण उघडा. लांबचा तसाच ठेवून जवळचे थोडे थोडे दाबत या. एक हलवला की बाकीच्यांची हवा बदलते, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या लागतातच. जुळलं की खूण करून दांडा बोल्टने आवळा, नाहीतर पुढच्या पाळीत कुणीतरी ‘जरा’ फिरवतोच. ओढ तपासायला अगरबत्ती चालते, पण टाकी रिकामी आणि धुतलेली असतानाच: लोखंडावर आम्ल चालू असताना हायड्रोजन सुटतो, तिथे पेटती वस्तू नको. सायनाइडची टाकी शेजारी असली तरी तिचा डक्ट आणि स्क्रबर वेगळाच. आम्लाशी गाठ पडली की प्राणघातक वायू तयार होतो.

यानंतरच व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. मुख्य डॅम्पर दाबून हवा कमी केली तर दाब वाया जातो. ५० वरून ४० हर्ट्झवर आणलं तर हवा ८० टक्के राहते, वीज मात्र निम्म्यावर येते. ड्राइव्हमध्ये फॅन-पंपाची पद्धत निवडा. वेग उतरवायचा वेळ चढवण्यापेक्षा जास्त द्या. जड इम्पेलर घाईने थांबवायला गेलं तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. बंद ब्लोअर ड्राफ्टने फिरत असेल तर ‘फ्लाइंग स्टार्ट’ (फिरत्या मोटरचा वेग पकडून सुरू करण्याची सोय) चालू ठेवा. एखाद्या वेगाला पाया थरथरत असेल तर तेवढी फ्रिक्वेन्सी वगळा. किमान हर्ट्झ मात्र वीजबिलावरून ठरवू नका: टोकाच्या हूडची ओढ जिथे सुटते, त्याच्या दोन-तीन हर्ट्झ वर थांबा.

ओढ मोजून ड्राइव्हला कळवणारा दाबाचा ट्रान्समीटर डक्टच्या लांबच्या फांदीजवळ, स्क्रबरच्या अलीकडे बसवा. त्याची नळी डक्टकडे उतरती ठेवा, नाहीतर आत पाणी साचून आकडा खोटा येतो.

स्वयंचलित नियंत्रणात दोष झाकला जातो, कारण स्क्रबरचं पॅकिंग (आतला भराव) तुंबलं तरी ड्राइव्ह वेग वाढवून ओढ तीच राखतो. म्हणून नोंदवहीत रोज हर्ट्झ आणि स्क्रबरच्या दोन टोकांचा दाबफरक लिहा. दोन्ही चढत असतील तर पॅकिंग धुवा. हर्ट्झ चढतो, दाबफरक मात्र तोच, असं दिसलं तर आधी व्ही-बेल्टचा ताण पाहा, मग स्क्रबर आणि ब्लोअरमधले फ्लँजचे जोड तपासा.